मोंबासाचा फोर्ट जीझस: 'जलदुर्ग' चालेल का?

लातूरकर: शाळेच्या भित्तिपत्रकासाठी केनियातल्या फोर्ट जीझसवर मजकूर लिहायलोय. पोर्तुगीजांनी १५९३ ते १५९६ मध्ये बांधलेला, समुद्राला लागूनच. मी 'जलदुर्ग' लिहिलं, तर बाईंनी खोडलं.

परंड्याचा: बरोबर खोडलं. जलदुर्गाला चहूकडून पाणी लागतं, सिंधुदुर्गासारखं. ह्याची एक बाजू समुद्राकडं, बाकी जमिनीवर. जमिनीकडून खंदक आहे, तोही कोरडा, प्रवाळाच्या खडकात खोदलेला. आमच्या परंड्याच्या खंदकात पाणी असायचं, तरी तो भुईकोटच. खोदून आणलेल्या पाण्यानं जलदुर्ग होत नसतो.

लातूरकर: पण मोंबासा तर बेटच आहे की! मग जंजिरा म्हणू? अरबीत 'जझीरा' म्हणजे बेटच ना?

परंड्याचा: बेटावर गाव आहे हो, किल्ला गावाच्या कडेला. तुमच्या हिशेबानं मुंबईतला शीवचा किल्लाही जंजिराच म्हणावा लागेल. सरळ 'किनाऱ्यावरचा किल्ला' लिहा.

नांदेडकर: पुढचं वाक्यही बघा. 'किल्ल्यात संग्रहालय आहे' असं लिहिलं तर एखाद्या खोलीत चार कपाटं मांडलीत असं वाटतं. इथं तट, बुरूज, सगळंच बघायचं. म्हणून 'किल्ल्याचं संग्रहालय झालं'. १८९५ ते १९५८ इंग्रजांचा तुरुंग होता, १९६२ मध्ये संग्रहालय. आमचे आजोबा असल्या जागेला 'अजायबघर' म्हणायचे, हैदराबादचं सालारजंग संग्रहालय बघून आलेले ना! पण पोरांना ते कळायचं नाही.

लातूरकर: आत एका बुडालेल्या गलबतातल्या वस्तू आहेत, 'सांतु आंतोनिउ द तान्ना'च्या. ओमानच्या अरबांचा वेढा पडला होता, तेव्हा मदतीला आलेलं, १६९७ मध्ये किल्ल्यापुढंच बुडालं.

नांदेडकर: 'गलबत' नको. पन्नासेक तोफांचं धूड ते, 'लढाऊ जहाज' लिहा. आणि 'तान्ना' म्हणजे आपलं ठाणे बरं का. जहाज बांधलेलंही वसईत. एवढी गोष्ट हातात असताना तुम्ही जलदुर्गावर अडकलात!

परंड्याचा: वसईचं वाक्य सगळ्यात वर घ्या. वर्षं खाली बारीक अक्षरात गेली तरी चालतील.

लातूरकर: घेतो. बाईंना 'अजायबघर'ही दाखवून बघतो, खोडलं तर खोडलं.