प्रति: फॉर्मल भाषा म्हणजे नुसता शॉर्टहँड?

वर कुणीतरी म्हटलंय की लॉजिकमधली चिन्हं म्हणजे साध्या वाक्यांचा शॉर्टहँड, बाकी काही नाही. मला नाही पटत. आमच्या इंदूरचंच घ्या, सराफा बाजारात रात्री खाण्याची दुकानं लागतात. रात्री घरी कुणी म्हणालं "सराफ्यात सगळी दुकानं उघडी नाहीयेत", तर काय समजायचं, एकही उघडं नाही की काही बंद आहेत? भुट्ट्याचा कीस खायला निघायचं की नाही ते यावरच ठरणार ना! फॉर्मल भाषेत, म्हणजे लॉजिकच्या या चिन्हांच्या भाषेत, ही दोन वेगळी वाक्यं होतात, "नाही" हे "सगळी"च्या आधी लावलं की नंतर, बास. जर्मन तर्कशास्त्रज्ञ फ्रेगेनं १८७९ मध्ये हे "सगळे"चं चिन्ह आणलं, त्याआधी "प्रत्येकाला कुणीतरी आवडतं" आणि "कुणीतरी एक सगळ्यांना आवडतो" यातला फरक जुन्या तर्कशास्त्रात धड मांडताच यायचा नाही.

दुसरं म्हणजे चिन्हांना स्वतःचा अर्थ नसतो, आधी फक्त वाक्य कसं बनवायचं याचे नियम, अर्थ मागाहून वेगळा जोडायचा, आणि म्हणूनच सिद्धता बरोबर आहे का हे कॉम्प्युटर काही न समजता तपासू शकतो. शॉर्टहँडला जमेल का हे? (कविता मात्र यात लिहू नये, कोरडं काम आहे.)