मदत हवी आहे: नाथसागरावर शाळेतल्या मुलांना पक्षी दाखवायचेत, नेमकं कुठं आणि कधी जावं?

पाटाकाठची_मॅडम:
नमस्कार. मी घनसावंगी तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. जायकवाडीचा डावा कालवा आमच्या भागातून जातो. पाटाला पाणी कधी सुटणार, पाळी कुणाची आधी, हे आमच्या पोरांना तोंडपाठ. पण ते पाणी जिथून येतं तो नाथसागर सातवीच्या वर्गातल्या बहुतेकांनी पाहिलेला नाही. 1986 पासून तिथं पक्षी अभयारण्य आहे, असं सांगितल्यावर एका मुलीनं विचारलं, "मग आपल्या पाटावर ते पक्षी का येत नाहीत?" मला धड उत्तर देता आलं नाही आणि तेव्हापासून सहल पैठणलाच न्यायची असं मनात आहे.

अडचण अशी की मागं नाथांच्या दर्शनाला गेलो होतो तेव्हा धरणाजवळून नजर पोचेल तिथवर पाणीच पाणी दिसलं. पक्षी होते, पण फार लांब, ओळखू न येण्याइतके. मुलांना एवढ्या लांब नेऊन तेवढंच दाखवायचं नाही. बगळा आणि टिटवी ती रोज बघतात. हिमालय ओलांडून आलेला पक्षी त्यांनी एकदा तरी नीट, डोळे भरून बघावा असं फार वाटतं.

तर कुठल्या काठाला जावं? कुठला महिना? परवानगी कुणाची? शिवाय वर्गात मुली जास्त आहेत, काठावर स्वच्छतागृहाची काही सोय असते का? पस्तीसेक मुलं आहेत, एसटीचा प्रासंगिक करार करणार आहोत. जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावं.

गोदाकाठ:
मॅडम, त्या मुलीच्या प्रश्नातच तुमचं निम्मं उत्तर आहे. पाटाला उथळ काठ नाही, पाणी पळतं असतं आणि पाळी संपली की पाट कोरडा. पाणपक्ष्यांना लागतो उथळ, संथ काठ आणि ओला गाळ, म्हणजे त्यातले किडे, गोगलगायी, पाणवनस्पती. नाथसागर पसरट आहे. पावसाळा संपता संपता तो भरला की पाणी थेट शेतांना आणि बाभळींना टेकतं, बदकं मधोमध जाऊन बसतात आणि काठावरून काही दिसत नाही. पुढं रब्बीसाठी कालवे सुटले की पाणी उतरायला लागतं. इतक्या पसरट तलावात पातळी थोडी खाली गेली तरी केवढीतरी जमीन उघडी पडते. तुमच्या गव्हाला पाणी पोचतं तेव्हा इकडं पक्ष्यांची पंगत मांडली जाते. हे मुलांना बसमध्येच सांगा, त्यांना लगेच कळेल.

म्हणून जानेवारीचा मध्य ते फेब्रुवारीअखेर. त्या काळात शेकाट्या, पाणटिवळे, चमचे, चित्रबलाक असे पाणपक्षी काठाच्या चिखलात चरतात. थापट्या आणि तलवार बदक जरा आत पाण्यात. हिमालय ओलांडणारा तो पट्टकदंब. डोक्यावर दोन काळे पट्टे असतात, त्यामुळं मुलांनाही ओळखता येतो. हे थवे दिवसा बऱ्याचदा काठावर विसावतात आणि संध्याकाळी पिकात चरायला जातात. कांड्या करकोचे सकाळी शेतात असतात, दुपारकडं पाण्यावर येतात. रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, मात्र मुलांना कबूल करू नका. तो येतो, पण पाणी हवं तितकं उथळ झालं तरच रेंगाळतो.

शेकाट्या:
गोदाकाठ यांनी सगळं बरोबर सांगितलंय, थोडी भर घालतो. पैठण तलावाच्या पूर्वेच्या टोकाला आहे. त्या बाजूनं सकाळी बघितलं तर सूर्य पाठीशी राहतो आणि रंग स्पष्ट दिसतात. दुपारनंतर त्याच जागेवरून पाणी डोळ्यांवर चमकतं, मग सगळे पक्षी काळेच दिसतात. बस पहाटेच काढा.

धरणाच्या भिंतीजवळ थांबू नका, तिथं पाणी खोल असतं आणि भिंतीवर विनापरवाना जाताही येत नाही. पिंपळवाडीच्या बाजूला काठानं गेलात तर उथळ भाग मिळतो. पण पातळी दर वर्षी वेगळी, म्हणून आदल्या आठवड्यात कुणीतरी मोठ्या माणसानं जाऊन जागा बघून यावी. वन्यजीव विभागाच्या पैठणच्या कार्यालयाला शाळेच्या लेटरहेडवर पत्र द्या आणि सोबत वनरक्षक मागा. तो असला की आज थवे कुठं आहेत ते शोधत बसावं लागत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गाळ. वरून भेगाळलेला, वाळलेला दिसतो, खाली पाय गुडघ्यापर्यंत रुततो. मुलांना पिकाच्या बांधापुढं जाऊ देऊ नका. उघड्या पडलेल्या जमिनीत लोक गाळपेर करतात, तेव्हा पीक तुडवलं जाणार नाही हेही बघा. आणि थवा उडवायला कुणी टाळ्या वाजवू नयेत. हे पक्षी इथं परतीच्या प्रवासासाठी चरबी साठवायला आलेले असतात, दर वेळी उडवलं तर तीच खर्ची पडते.

काठावर स्वच्छतागृह नाही. पैठण गावातच सगळं उरकून मग काठाला जा. नाथषष्ठीचा आठवडा तेवढा टाळा, फाल्गुनात त्या दिवसांत गावात बस शिरणं अवघड.

पाटाकाठची_मॅडम:
दोघांचेही मनापासून आभार. जानेवारीचा शेवटचा आठवडा धरते. गटशिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी आणि पालकांची संमतीपत्रं या महिन्यातच घ्यायला लागेन. जागा बघायला मी आणि आमचे एक सर आधी जाऊन येऊ. आता एकच विचारते: शाळेत दुर्बीण नाही. जालना किंवा अंबडकडच्या कुणाकडं एका दिवसापुरती देण्यासारखी असेल तर कृपया व्यक्तिगत निरोप करा. नीट सांभाळून वापरू आणि स्वतः आणून परत देईन.

गोदाकाठ:
माझी 8×40 ची आहे, घेऊन जा. शिवाय तारीख नक्की झाली की कळवा, जमलं तर तिपाईवरची मोठी दुर्बीण घेऊन मीच पैठणला येतो. पट्टकदंबाच्या डोक्यावरचे पट्टे त्यातून प्रत्येक मुलाला मोजता येतील.