विषय: गावच्या लॅपटॉपवर रॉ फोटो उघडायला कोणतं सॉफ्टवेअर?

प्रेषक: सुधीर (सध्या गावी)

मंडळी, नमस्कार.

कॅलगरीहून निघून दहा दिवस झाले. सध्या गडचिरोली जिल्ह्यात देसाईगंज-वडशाजवळ आमच्या गावी आहे. धान घरी आलंय, मंडई (दिवाळीनंतरची जत्रा) होऊन गेली आणि झाडीपट्टीच्या नाटकांचा मोसम जोरात आहे. आमच्या काकांचा मुलगा चौकात फोटो स्टुडिओ चालवतो. पासपोर्ट, लग्न, बारसं हे बारा महिने. दिवाळी ते होळी मात्र रात्र रात्र नाटकांच्या शामियान्यात उभा. कंपनीवाले त्याच्याकडून पुढच्या पोस्टरसाठी फोटो घेतात.

कॅमेरा निकॉन डी५३००, सेकंडहँड. आजवर जेपेगवर सुखात होता. शहाणपणा मी केला, परवा त्याला रॉ वर, म्हणजे सेन्सरवरचा कच्चा माल जसाच्या तसा साठवण्यावर, लावून दिलं. पहाटे पाचला नाटक संपलं आणि साडेचारशे एनईएफ (निकॉनच्या रॉ) फायली घेऊन तो माझ्यासमोर बसला. एकेक फाईल चोवीस-पंचवीस एमबीची. 'दादा, आता याचं काय करायचं गा?'

लॅपटॉप आय३चा, ८ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, हार्डडिस्क जुनी फिरती. नेट म्हणजे मोबाइलचं हॉटस्पॉट, तेही स्लॅबवर गेलं तर. लाईट कधी जाईल याचा नेम नाही.

मी वीस तारखेला परत येतोय. त्यामुळे माझ्या मशीनवर काय भारी चालतं हा प्रश्नच नाही. मी गेल्यावर त्याला एकट्याला झेपलं पाहिजे. सुचवा.

सुधीर

---

प्रेषक: निखिल

सुधीरदादा, यात विचार कसला? लाइटरूम क्लासिक घेऊन दे आणि मोकळा हो. चेहरा वेगळा, मागचा पडदा वेगळा, एका क्लिकमध्ये मास्क होतो. २०२३ पासून एआय डिनॉइज आहे, कमी उजेडात ३२०० आयएसओवर फोटोत येणारा रवा (नॉइज) गायब करतं. शिकवणारे व्हिडिओ हिंदीत ढिगाने मिळतात, हे विसरू नकोस. वर्षाचे पैसे मी भरतो, माझ्याकडून दिवाळी समज.

निखिल

---

प्रेषक: माधुरी

> वर्षाचे पैसे मी भरतो

निखिल, मन मोठं आहे तुझं, पण दुसऱ्या वर्षी? माझ्या भावाला अमरावतीत मी असंच एक वर्गणीवालं सॉफ्टवेअर घेऊन दिलं होतं. नाव घेत नाही. माझं कार्ड बदललं, हप्ता चुकला आणि ऐन लग्नसराईत त्याची फोटो सुधारण्याची सगळी बटणं करडी झाली. फोटो दिसत होते, हात लावता येत नव्हता. नवरीकडचे लोक दारात. मी इथे झोपलेले, फोन सायलेंटवर.

शिवाय लाइटरूम क्लासिकला ८ जीबी रॅम ही किमान अट आहे, सुखाने चालायला १६ लागते. आणि ते डिनॉइज ग्राफिक्स कार्डाच्या जिवावर पळतं. आय३वर एका फोटोमागे एक चहा होईल.

मी स्वतः डार्कटेबल वापरते. २०१७च्या शेवटापासून विंडोजवरही आहे, फुकट आहे आणि कोणी बंद करू शकत नाही. मास्क तर असे की विचारू नका, रंगावरून, उजेडावरून, हाताने काढून, कसेही. एकदा बघच.

माधुरी

---

प्रेषक: सुधीर

माधुरीताई, काल दुपारी डार्कटेबल टाकलं. उतरवून घ्यायला स्लॅबवर दीड तास उन्हात बसलो, ते जाऊ द्या.

पहिला फोटो उघडला आणि भाऊ म्हणाला, 'हा फोटो बिमार आहे का?' कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर झकास दिसलेलं चित्र इथे फिकं, सपाट. तुम्ही म्हणाल की डार्कटेबल मुद्दामच कोरं चित्र हातात देतं, पुढचं आपण घडवायचं. मला मान्य. पण त्याला साडेचारशेपैकी साठ फोटो संध्याकाळपर्यंत कंपनीच्या मॅनेजरला दाखवायचे असतात. उजव्या बाजूला मॉड्यूलची रांग बघून त्याने माउस माझ्याकडे सरकवला. स्लायडर हलवला की चित्र बदलायला दोन-तीन सेकंद, तेवढ्यात तो दुसऱ्यांदा हलवतो, मग आणखी थांबा.

अडचण खरी एका फोटोची आहे. तोच मी सगळीकडे उघडून बघतोय. तिसऱ्या अंकात नायिका एकटी पुढे येते आणि लाईटवाला सगळे निळे एलईडी तिच्यावर सोडतो. ऑर्गनवाल्याच्या बाजूने, खालून वर काढलेला फोटो आहे. नाकाची नथ दिसते, कपाळावरचं कुंकू काळं दिसतं आणि गाल म्हणजे नीळ सांडल्यासारखा एक सपाट डाग. डोळ्याखाली ओघळलेलं पाणी त्या डागात बुडालं. तो ओघळच त्याला पोस्टरवर हवाय.

जेपेगमध्ये तर काहीच नाही. रॉ मधून निघेल का?

सुधीर

---

प्रेषक: आर्वीकर

सुधीर,

सॉफ्टवेअरचं भांडण थांबवा राजेहो, आधी गाल पाहा.

सेन्सरच्या प्रत्येक ठिपक्यावर एकच रंगाची काच असते. चार ठिपक्यांत दोन हिरवे, एक लाल, एक निळा. ही मांडणी कोडॅकच्या ब्राइस बेयर यांची, १९७६चं पेटंट. बाकीचे दोन रंग शेजारच्या ठिपक्यांवरून अंदाजाने भरायचे, रॉ उघडणाऱ्या सॉफ्टवेअरचं पहिलं काम ते. आता तुझ्या नायिकेवर निव्वळ निळा उजेड. निळे ठिपके तुडुंब, लाल जवळजवळ कोरडे. जिथे लाल पडलाच नाही तिथे जगातलं कोणतंच सॉफ्टवेअर तिचा खरा वर्ण आणून देणार नाही. फुकटचं नाही अन् पैशाचंही नाही.

पण हिरवा! निळ्या एलईडीचा थोडा उजेड हिरव्या काचेतूनही जातो. हिरवे ठिपके भरून वाहिलेले नसतात. तो ओघळ तिथे असेल.

रॉथेरपी टाक. हंगेरीच्या गाबोर होर्वाथने सुरू केलेलं, २०१० पासून मुक्त स्रोतात आहे. त्यात हिस्टोग्राम, म्हणजे रंगांच्या उजेडाचा आलेख, रॉ चा दाखवता येतो. आधी तिथे बघ की निळा खरंच रॉ मध्येच फाटलाय (भरून वाहिलाय), की फक्त जेपेग करताना फाटला. दुसरं असेल तर नशीब. चौदा बिटांच्या रॉ मध्ये १६,३८४ पायऱ्या असतात, जेपेगच्या २५६. व्हाइट बॅलन्सचा केल्विन (रंग-तापमानाचा आकडा) वर वर ने, निळ्याचा गुणक घटतो, डाग फुटून गाल दिसायला लागतो. चेहरा जांभळट राहील, राहू दे. नाटक आहे. अगदीच नाही जमलं तर ब्लॅक-अँड-व्हाइट कर आणि चॅनेल मिक्सरमध्ये (कोणत्या रंगातून किती घ्यायचं ते ठरवतो तिथे) सगळं वजन हिरव्यावर टाक.

तुझा भाऊ 'बिमार' म्हणाला त्यावरही त्यात औषध आहे. प्रत्येक एनईएफच्या पोटात कॅमेऱ्याने केलेलं एक जेपेग असतं. रॉथेरपी त्याच्याकडे बघून आपला टोन कर्व्ह (उजेड-अंधाराचा चढउतार) जुळवतं, २०१८ पासून. म्हणजे फोटो उघडतो तेव्हाच कॅमेऱ्यासारखा दिसतो.

आमच्याकडे याच्या उलट दुखणं. आर्वीच्या शेतात सीतादही पूजेचे फोटो काढतो, पहिल्या वेचणीच्या दिवशी. बारा वाजताचं ऊन, पांढरा फक्क कापूस. बोंडाच्या रेषा दिसायच्या तर रॉ पाहिजेच. मी तर अर्धा-एक स्टॉप कमीच काढतो (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा). सावली मागाहून उचलता येते, गेलेला पांढरा येत नाही. वर्ध्याला डार्करूममध्ये निगेटिव्हच्या बाबतीत बरोबर उलटं शिकलो होतो, सवय मोडायला दोन वर्षं गेली.

आर्वीकर

---

प्रेषक: निखिल

काका, एकदम मान्य. पण मग निकॉनचंच एनएक्स स्टुडिओ का नको? फुकट आहे, रंग हुबेहूब कॅमेऱ्याचे देतं.

आणि दादा, सगळ्या फायली डीएनजी (ॲडोबीचा रॉ फाईलचा प्रकार) करून ठेव. उद्या निकॉनने एनईएफ वाचणं सोडलं तर?

---

प्रेषक: आर्वीकर

एनएक्स स्टुडिओ चांगलंच आहे. पण उद्या पोराने कॅनन घेतला तर त्याच्या रॉ फायली तिथे चालणार नाहीत, कॅननचं वेगळं, सोनीचं वेगळं. सासर बदललं की भांडी नवी.

डीएनजी ॲडोबीने २००४ मध्ये आणलं, कल्पना उत्तम. पण डीएनजी करून मूळ एनईएफ उडवली तर एनएक्स स्टुडिओचं दार बंद, ते डीएनजी उघडत नाही. आणि एनईएफ वाचणारं कोणी उरणार नाही ही भीती नको. डेव्ह कॉफिन नावाच्या माणसाने १९९७ पासून एकट्याने डीसीरॉ लिहिलं, शेकडो कॅमेऱ्यांच्या फायली वाचणारं, आणि कोड उघडा ठेवला. डार्कटेबल काय, रॉथेरपी काय, सगळ्यांवर त्याचं ऋण आहे. तो कोड कुठे जात नाही. मूळ फाईल तेवढी दोन ठिकाणी ठेवा. पेनड्राइव्ह हे ठिकाण नव्हे.

---

प्रेषक: सुधीर

मंडळी, उशिरा लिहितोय. मध्ये तीन रात्री तीन नाटकं झाली. एका गावात तर दिवसा शंकरपट (बैलांची शर्यत) आणि रात्री नाटक, धूळ अजून कानात आहे.

काका, ओघळ निघाला. निळा रॉ मध्ये फाटला होता, पण गालाच्या मधल्या रुपयाएवढ्या भागातच, कडांना जीव होता. केल्विन वर नेला, एक्स्पोजर खाली आणलं, निळ्याचं सॅच्युरेशन उतरवलं आणि डोळ्याखालून हनुवटीपर्यंत एक बारीक चकाकती रेघ दिसायला लागली. भाऊ खुर्चीवरून उठला. रंग सुकलेल्या जांभळासारखा आहे, पण आहे.

ब्लॅक-अँड-व्हाइटही केलं, हिरव्यावर वजन टाकून. मला विचाराल तर तोच उत्तम, प्रत्येक पापणी वेगळी. कंपनीच्या मॅनेजरने मोबाइलवर पाहिला आणि हात जोडले. 'भाऊ, याले फक्त हार घालाचा रायला. बाई जित्ती हाये ना आमची!' पोस्टरवर जांभळा गेला.

तर ठरलं ते असं. स्टुडिओच्या रोजच्या कामाला, पासपोर्ट-बारशाला, जेपेगच. त्यात रॉ ची हौस नको. लग्नाला एनएक्स स्टुडिओ, कारण रंग जसेच्या तसे येतात आणि त्याला ते एका दुपारीत आलं. नाटकाला रॉथेरपी. एका शामियान्यातले दिवे रात्रभर तेच असतात, म्हणून पिवळ्या प्रसंगाचा एक, निळ्याचा एक, लाल-हिरव्या नाचगाण्याचा एक असे तीन प्रोफाइल (सुधारणांचे तयार संच) करून ठेवले. फोटो निवडायचे, प्रोफाइल चिकटवायचा, रांगेत टाकायचे. तो सगळा बदल फोटोशेजारी छोट्या पीपी३ फाइलीत राहतो, मूळ एनईएफला धक्का नाही. हे त्याला पटायला वेळ लागला. दोनदा विचारलं, 'म्हणजे बिघडवला तरी बिघडत नाही?'

परवा रांगेत सत्तर फोटो लावून जेवायला बसलो आणि लाईट गेली. लॅपटॉपची बॅटरी वीस मिनिटांची. रात्री अकराला लाईट आली, तो धावत गेला, रॉथेरपी उघडलं, तर उरलेले एक्केचाळीस रांगेत उभेच होते. रांग डिस्कवर लिहिलेली असते म्हणे. माझ्या सगळ्या भाषणांपेक्षा त्याला हे जास्त पटलं.

माधुरीताई, डार्कटेबल काढलेलं नाही. मी गेल्यावर कंटाळा आला तर उघडीन, असं भाऊ म्हणतोय. पण खरं सांगतो, मी ते इथल्या लॅपटॉपवर पुन्हा उघडणार नाही, कॅलगरीतच बघतो.

स्टुडिओच्या भिंतीवर, लक्ष्मीच्या कॅलेंडरखाली, त्याने वहीचं पान चिकटवलंय. त्याच्याच अक्षरात, इंग्रजी बटणांची नावं मराठीत: 'एक्स्पोजर = उजेड. हायलाइट = पांढरा वाचवाचा. क्यू = रांग. नॉइज = रवा (निखिलदादा).' खाली लाल पेनाने: 'निळ्यात एक स्टॉप कमी!!'

आणि एक गंमत. काल रात्रीच्या प्रयोगाआधी हा गडी लाईटवाल्याकडे गेला, त्याला चहा पाजला आणि तिसऱ्या अंकात निळ्यासोबत एक जुना पिवळा हॅलोजन बाजूने लावायला सांगितलं. लाईटवाला म्हणाला, 'इतके दिवस बोलला काहून नाही गा?' फोटो आज सकाळी बघितले. गाल गालासारखा. रॉथेरपीत काहीच करावं लागलं नाही.

निखिल, तुझे वर्गणीचे पैसे वाचले असं समजू नकोस. तू फेब्रुवारीत नागपूरला येतोयस ना? येताना एक टीबीची एसएसडी आण. त्या फिरत्या हार्डडिस्कचा आवाज मला काही बरा वाटत नाही.

सुधीर