मदत हवी आहे: फ्लॅन्ज एकच, कॅमेऱ्याचे आकडे दोन

बायोगॅसवाला:
नमस्कार मंडळी. साखर कारखान्याच्या प्रेसमडवर (उसाचा रस गाळून उरणारा गाळ) चालणाऱ्या बायोगॅस प्लांटवर मी शिफ्ट बघतो. गॅस साठणाऱ्या घुमटातून येणाऱ्या पाइपच्या एका फ्लॅन्जवर (दोन पाइप बोल्टने जोडणारा सांधा) साबणाचं पाणी टाकलं की फेस येतो. गळती आहे हे नक्की, किती आहे हा साहेबांचा प्रश्न.

आधी इलेक्ट्रिकलवाल्यांचा थर्मल कॅमेरा मागून आणला. त्यात तापलेले पॅनेल झकास दिसतात, गॅस काही दिसेना. मग गॅस दाखवणारा कॅमेरा भाड्याने देणारी पार्टी बोलावली. त्यात धुरासारखा लोट दिसला आणि अंगावर काटा आला, कारण आम्ही रोज तिथेच उभे राहून चहा पितो. पण रिपोर्टात सकाळी 7 ला ताशी 2.4 किलो आणि दुपारी 2 ला 0.7. लाइनचा दाब तोच, व्हॉल्व्हला कुणी हात लावलेला नाही. खरा कुठला धरू? आणि आमच्याच कॅमेऱ्याला फिल्टर लावून भागेल का?

जुना इन्स्ट्रुमेंटवाला:
फिल्टरचा नाद सोडा. बायोगॅसमधला मिथेन 3.3 मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपास इन्फ्रारेड शोषतो, तुमचा कॅमेरा साधारण 8 ते 14 मायक्रॉन बघतो. भाड्याच्या कॅमेऱ्यात डिटेक्टर उणे 200 अंशांच्या जवळपास थंड ठेवलेला असतो आणि पुढे अगदी अरुंद फिल्टर. चालू केल्यावर काही मिनिटं तो नुसता घरघरतो ना, ते त्याचं थंड होणं.

आता आकडा. लोटामागच्या वस्तूकडून येणारी उष्णता गॅसने किती अडवली, एवढंच कॅमेऱ्याला कळतं. गॅस आणि मागची टाकी एकाच तापमानाला असली की लोट दिसेनासाच होतो. सकाळी 7 ला टाकी, हवा, गॅस सगळं सारखंच गार, मग सॉफ्टवेअर अंधुक चित्रातून आकडा ओढून काढतं. दुपारी पत्रा तापलेला, चित्र स्वच्छ. दुसरं म्हणजे कॅमेऱ्याला मिळतं ते प्रमाण गुणिले लोटाची जाडी, म्हणजे पीपीएम-मीटर. त्यावरून ताशी किलो काढायला वारा लागतो. वाऱ्याचा वेग काय टाकला होता?

बायोगॅसवाला:
आत्ता रिपोर्ट उघडून बघितला. दोन्ही वेळा सेकंदाला 3 मीटर! सकाळी तर झाडाचं पान हलत नव्हतं.

जुना इन्स्ट्रुमेंटवाला:
मग 2.4 विसरा. वारा फुगवला की गळतीही फुगते. 0.7 त्यातल्या त्यात बरा, पण त्यावरही सही करू नका.

सेफ्टीताई:
दादा, फ्लॅन्ज हाताशी असेल तर पिशवी बांधून मोजा. फ्लॅन्जभोवती प्लॅस्टिक गुंडाळायचं, एका बाजूने हवा आत येऊ द्यायची, दुसरीकडून ठरावीक वेगाने ओढायची आणि ओढलेल्या हवेत मिथेन किती टक्के ते बघायचं. ओढण्याचा वेग इतका ठेवा की मिथेन 5 टक्क्यांच्या बराच खाली राहील, कारण तिथून पुढे स्फोटाची हद्द. पंप स्फोटरोधकच हवा. आणि हायड्रोजन सल्फाइडचा मीटर छातीला लावा. सडक्या अंड्याचा वास येईनासा झाला म्हणजे गॅस गेला असं नाही, जास्त प्रमाणात नाकच बधिर होतं. चहाची जागा आधी बदला.

बायोगॅसवाला:
ताई, केलं. मिनिटाला 600 लिटर ओढले, मिथेन 2 टक्के. म्हणजे मिनिटाला 12 लिटर, ताशी जवळपास अर्धा किलो मिथेन. गॅस्केट (सांध्यात बसवलेली सीलची चकती) बदललं, फेस बंद.

आता नवीन डोकेदुखी. जाता जाता पार्टीने कॅमेरा घुमटावर फिरवला होता. आमचा घुमट दोन पडद्यांचा आहे, आतल्यात गॅस आणि दोघांच्या मध्ये ब्लोअरची हवा; ती हवा जिथून बाहेर पडते, तिथेही फिकट लोट आहे. तिथे पिशवी कशी बांधायची?

जुना इन्स्ट्रुमेंटवाला:
बांधूच नका, ती हवा आपोआप एका तोंडातून येतेय. तोंडाशी हवेचा वेग आणि मिथेनचे टक्के मोजा, तोंडाच्या क्षेत्रफळाने गुणा. मिथेन निघाला तर आतला पडदा गळतोय. पडदेवाल्याला फोन लावा, हे गॅस्केटसारखं दुपारभरात उरकणारं काम नाही.