सनशाइनमधलं १९६२ चं वेदरबोर्ड घर, इन्स्पेक्शनला तिसऱ्यांदा पैसे घालू का?

टार्नेटचा_भाडेकरू
नमस्कार मंडळी, मेलबर्नवाल्यांनी जरा मदत करा. सनशाइनमध्ये एक घर बघितलंय, १९६२ चं वेदरबोर्ड (बाहेरून लाकडी फळ्यांचं), तीन बेडरूम, मागे लिंबाचं झाड, बायको तर त्या झाडावरच भाळलीये. शनिवारी ऑक्शन आहे. याआधी दोन घरांचं बिल्डिंग आणि पेस्ट इन्स्पेक्शन (बांधकामाची नि वाळवीची तपासणी) करून घेतलं, दर वेळी ६०० डॉलरच्या आसपास गेले आणि दोन्ही घरं पाच मिनिटांत आमच्या बजेटच्या बाहेर. आता एजंट म्हणतो मालकाने रिपोर्ट काढून ठेवलाय, तोच घ्या, फुकट. ४८ पानं, निम्मे फोटो, आणि शेवटी काय तर घर वयाच्या मानाने ठीक. म्हणजे घेऊ का नको? मागच्या बेडरूममध्ये पोराने खेळण्यातली गाडी खाली ठेवली तर ती आपली आपण खिडकीकडे चालायला लागली, एजंट हसला, म्हणे जुनी घरं अशीच असतात. मी पुण्यात फ्लॅटमध्ये वाढलेलो, लाकडी घराचं मला ओ की ठो कळत नाही.

फुट्सक्रेची_काकू
अरे ती गाडी चालली ना, तोच तुझा खरा रिपोर्ट. त्या काळची वेदरबोर्ड घरं स्टम्पवर उभी असतात, बहुतेक रेड गमचे लाकडी खुंट, आणि ते मातीच्या पातळीला कुजतात, वरून बघितलं तर धडधाकट आणि खाली हात लावला की भुसा. त्यात आपल्या मेलबर्नच्या वेस्टची काळी चिकणमाती, पावसाळ्यात फुगते नि उन्हाळ्यात आकसते, भेगेत बोट जातं. मग घर एका बाजूला बसतं, दारं अडकतात. दारांच्या वरच्या कडा बघ, कोणी तिरक्या तासल्या असतील तर समज घर बरीच वर्षं बसतंय. आणि एकाच खोलीला ताजा रंग का, हे पण विचार. आम्ही घर घेतल्यावर रीस्टम्पिंग, म्हणजे खालचे खुंट बदलायचं काम, केलं, १४ हजार गेले, वर भिंतींना तडे आले ते प्लास्टरवाल्याचे वेगळे. हे काम इथे बिल्डिंग परमिटशिवाय करता येत नाही, आणि गेल्या ७ वर्षांतली परमिटं सेक्शन ३२ मध्ये (विकणाऱ्याने द्यायच्या कागदांत) दाखवावी लागतात, त्यामुळे एजंट "नुकतंच केलंय" म्हणाला तर परमिट दाखव म्हणायचं, तोंड बघण्यासारखं होतं.

आता तो फुकटचा रिपोर्ट. तो मालकाने मालकासाठी काढलाय, इन्स्पेक्टरचा तुझ्याशी काही करार नाही, उद्या काही निघालं तर तू त्याला विचारणार कोणत्या नात्याने? तरी फेकून देऊ नकोस, वाच. निष्कर्ष नाही, "इथे पोचता आलं नाही" असं लिहिलंय ती पानं वाच. हे लोक कार्पेट उचलत नाहीत, फर्निचर हलवत नाहीत, जेवढं डोळ्याला दिसतं तेवढंच. सबफ्लोअरमध्ये, म्हणजे लाकडी फ्लोअरखालच्या पोकळीत, उतरलाच नसेल तर स्टम्पबद्दल तो काय कपाळ सांगणार.

ब्रिस्बेनकर
तुमच्याकडचं हे ऑक्शन प्रकरण म्हणजे जुगार आहे राव. आमच्याकडे प्रायव्हेट सेलच्या नेहमीच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये बिल्डिंग आणि पेस्टची अट असते, आधी ऑफर, मग इन्स्पेक्शन, भयंकर काही निघालं तर अटीवर बाहेर पडता येतं. आणि इन्स्पेक्टरला लायसन्स लागतं. तुमच्या व्हिक्टोरिया राज्यात प्रायव्हेट सेलला तीन वर्किंग डे कूलिंग ऑफ, म्हणजे सही करूनही मागे फिरायची मुदत, मिळतो, पण ऑक्शनमध्ये हातोडा पडला की संपलं, आणि ऑक्शनच्या आधीच्या नि नंतरच्या तीन वर्किंग डेमध्ये सही केली तरी तो मिळत नाही. म्हणजे जे बघायचं ते शनिवारच्या आत.

अजून एक, बाथरूमच्या भिंती, बाहेर छपराखालची शीट, मीटर बॉक्समधला काळा बोर्ड, त्या काळच्या घरात यात अॅस्बेस्टॉस (ज्याची धूळ फुप्फुसांना घातक) असायची शक्यता भरपूर. नुसतं असण्याने घाबरू नका, पण नेहमीच्या इन्स्पेक्शनमध्ये त्याची लॅब टेस्ट नसते आणि तुम्ही हौसेने ड्रिल मारायला जाल.

माजघर_रत्नागिरी
मी भारतातून लिहितोय पण वाळवी सगळीकडे सारखीच! आमच्या जुन्या घरात माजघराच्या चौकटीला आजोबा काठीने ठोकायचे, बद्द आवाज आला की समजायचं आत काही राहिलं नाही, वरचा रंग मात्र जसाच्या तसा. दिसली मातीची वाट की रॉकेल ओता, मोकळे व्हा.

फुट्सक्रेची_काकू
माजघर, काठीचं बरोबर, इथले इन्स्पेक्टर पण दांड्याने तेच करतात, वर ओल मोजायचं मीटर आणि थर्मल कॅमेरा. पण रॉकेल नको हो! वाळवी जिवंत दिसली तर तिला हात लावायचा नाही, स्प्रे पण नाही, ती तिथून पळते आणि दुसरीकडून खायला लागते, मग माणसाला मूळ वारूळ सापडत नाही. टार्नेट, तुझ्यासाठी, घराला टेकून ओला मल्च (झाडांभोवती टाकतात तो भुसा-पालापाचोळा), गळका नळ किंवा शॉवरमागची ओल असेल तिथे आधी बघ, ओल असली की वाळवी आलीच. आणि घराच्या इन्शुरन्समध्ये वाळवीचं नुकसान सहसा बसत नाही हे लक्षात ठेव. मीटर बॉक्सचं झाकण उघडून बघ, वाळवीचं औषध मारलं असेल तर आत स्टिकर असतो, तारीख आणि औषध किती वर्षं टिकतं ते त्यावर लिहिलेलं असतं. बघायला पैसे पडत नाहीत.

टार्नेटचा_भाडेकरू
काकू, आज संध्याकाळी जाऊन आलो. मीटर बॉक्समध्ये स्टिकर आहे, २००९ चा, आठ वर्षांचा. म्हणजे २०१७ लाच संपलं. मागच्या बेडरूमचं दार वरून तिरकं तासलेलं, त्यावर ताजा पांढरा रंग. फुकटच्या रिपोर्टमध्ये ३१ व्या पानावर बारीक अक्षरात, सबफ्लोअरला मागच्या बाजूने जागा कमी असल्याने तपासणी झाली नाही. नेमकी तीच खोली! एजंटला विचारलं तर म्हणाला उद्या फोन करतो.

उद्या सकाळी ८ वाजता स्वतःचा इन्स्पेक्टर बोलावलाय, मागून आत शिरतो म्हणालाय, माणूस बारीक आहे. बायकोला लिंबाच्या झाडाबद्दल अजून काही बोललेलो नाही.