एलीयाची ओळख कशावरून?

बायबलमधील संदेष्टा एलीया शेवटच्या काळी पुन्हा येईल आणि तो चमत्कारांवरून ओळखता येईल, आकाशातून अग्नी उतरवील तोच खरा, असे एक मत मांडले जाते. मला ही कसोटी धोक्याची वाटते, कारण बायबलमधील प्रकटीकरण या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात नेमका हाच चमत्कार लोकांना फसवणारे दुसरे श्वापदही करून दाखवते. बायबलमधीलच मलाखी या पुस्तकाच्या अखेरच्या दोन वचनांत एलीयाला नेमून दिलेले काम वेगळेच आहे: त्याने वडिलांची मने मुलांकडे आणि मुलांची मने वडिलांकडे वळवायची आहेत, आणि तसे न झाल्यास देशावर शाप ओढवेल, असेही तेथे बजावले आहे.

लूकच्या शुभवर्तमानात देवदूत जखऱ्याला त्याच्या होणाऱ्या मुलाविषयी, म्हणजे बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाविषयी, सांगताना याच वचनाचा आधार घेतो आणि एलीयाचे हे काम तो करील असे म्हणतो. योहानाने एकही चमत्कार केला नव्हता (योहानाचे शुभवर्तमान 10:41). दोन अंगरखे असणाऱ्याने एक द्यावा, जकातदारांनी ठरल्याहून अधिक वसूल करू नये, शिपायांनी कोणाला धाकदपटशा दाखवू नये, असा त्याचा उपदेश होता. म्हणजे ज्यांच्यात तेढ होती त्यांच्या रोजच्या व्यवहारालाच त्याने हात घातला.

आता जॉन अलेक्झांडर डाउईकडे पाहा. रोग बरे करणारा म्हणून गाजलेल्या या उपदेशकाने 1901 मध्ये स्वतःला एलीया घोषित केले आणि अमेरिकेतील इलिनॉय राज्यात झायन नावाचे शहर वसवले. 1906 मध्ये त्याच्याच अनुयायांनी त्याला पदावरून दूर केले. तोवर त्याची पत्नी आणि मुलगाही त्याला दुरावले होते. मलाखीची कसोटी लावणाऱ्याला याहून वेगळा पुरावा कशाला हवा?