प्रति: अ‍ॅपचं नाव आधीच अडवून ठेवावं का?
वर कुणीतरी म्हटलंय की स्टोअरवर नाव घेतलं की काम झालं. अर्धंच झालं. अ‍ॅपलच्या अ‍ॅप स्टोअर कनेक्टमध्ये (डेव्हलपर जिथून आपली अ‍ॅप्स स्टोअरवर टाकतात ती साइट) बिल्ड, म्हणजे अपलोड करायची अ‍ॅपची फाइल, तयार नसतानाही नव्या अ‍ॅपची नोंद करता येते आणि ३० अक्षरांच्या आत बसणारं ते नाव तिथे दुसऱ्याला मिळत नाही. गूगल प्लेवर मात्र एकाच नावाची दहा अ‍ॅप्स सुखाने नांदतात! तिथे एकमेव असतं ते फक्त पॅकेज नेम, म्हणजे com.… अशा रूपातली अ‍ॅपची तांत्रिक ओळख, आणि ते नंतर बदलता येत नाही. त्यामुळे नाव पक्कं नसेल तर ते पॅकेज नेममध्ये घुसडू नका.

कायदेशीर हक्क हवा असेल तर ट्रेडमार्कच. त्याचा अर्ज वस्तू-सेवांच्या ठरलेल्या वर्गांत करायचा असतो: डाउनलोड होणारं सॉफ्टवेअर वर्ग ९ मध्ये येतं, ऑनलाइन सेवा म्हणून चालणारं वर्ग ४२ मध्ये. बऱ्याच देशांत वापर सुरू व्हायच्या आधीही अर्ज करता येतो. पण ‘खर्च नोंदवही’सारख्या निव्वळ वर्णनात्मक नावाला संरक्षण मिळणं अवघड, मग स्टोअरवर तुम्ही पहिले असलात तरी. अर्जाआधी फक्त हुबेहूब नाव शोधून थांबू नका, उच्चाराला जवळची नावंही तपासा. हरकती बहुतेक तिथूनच येतात. डोमेन स्वस्त असतं, ते आजच घेऊन टाका.